विश्लेषण : दुरुस्ती एका ओळीची, लक्ष्य पाच देशांची सरकारे, ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ हल्ला म्हणजे काय?

‘झिंब्रा’ या ई-मेल प्रणालीतील एक त्रुटी २०२३ मध्ये एक ओळ बदलून दूर झाली. ही दुरुस्ती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली होती. ती हल्लेखोरांनीही पाहिली. अधिकृत अपडेट येईपर्यंत मध्ये २० दिवस गेले आणि त्या काळात सरकारी मेलबॉक्सवर एकामागून एक हल्ले झाले. पासवर्ड न विचारता, फाइल डाउनलोड न करता मेल चोरणारा हा प्रकार नेमका आहे तरी काय?

सरकारी कार्यालयातील कर्मचारी सकाळी संगणक सुरू करतो, ब्राउझरमध्ये कार्यालयाचा ई-मेल उघडतो आणि तो टॅब दिवसभर तसाच ठेवतो. दुपारी एक मेल येतो. त्यातील लिंक त्याच्याच कार्यालयाच्या ई-मेल सर्व्हरची दिसते आणि खरोखरच असतेही. पत्ता ओळखीचा, कुलपाचे चिन्ह जागेवर. तो क्लिक करतो. पासवर्ड विचारला जात नाही, फाइल उतरत नाही, अँटिव्हायरसही गप्प राहतो. मात्र त्या क्षणापासून त्याच्या मेलची प्रत एका अनोळखी पत्त्यावर जाऊ लागते.

ही काल्पनिक भीती नाही. जून २०२३ मध्ये ग्रीसमधील एका सरकारी संस्थेला याच पद्धतीने लक्ष्य करण्यात आले. पुढच्या दोन महिन्यांत मोल्दोव्हा, ट्युनिशिया, व्हिएतनाम आणि पाकिस्तान यांचीही भर पडली.

नेमके प्रकरण काय?

जीमेलवर खाते उघडले की मेल गुगलच्या सर्व्हरवर राहतात. अनेक सरकारी विभाग, विद्यापीठे आणि कंपन्यांना मात्र आपला पत्रव्यवहार स्वतःच्या सर्व्हरवर हवा असतो. अशांसाठी ‘झिंब्रा कोलॅबोरेशन सूट’ हे सॉफ्टवेअर आहे. ई-मेल, कॅलेंडर, संपर्कयादी आणि सहकाऱ्यांशी फाइल वाटून घेणे, हे सगळे त्यात ब्राउझरमधूनच करता येते. अमेरिकेतील ‘सिनॅकोर’ ही कंपनी ते विकसित करते. त्याचा बराचसा कोड खुला, म्हणजे कोणालाही वाचता येण्याजोगा आहे.

या सॉफ्टवेअरच्या ८.८.१५ या आवृत्तीत ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ प्रकारची त्रुटी होती. गुगलमध्ये सरकारपुरस्कृत हल्ल्यांवर नजर ठेवणारा ‘थ्रेट अ‍ॅनालिसिस ग्रुप’ नावाचा गट आहे. या गटाला ही त्रुटी सापडली तेव्हा हल्लेखोर ती आधीपासूनच वापरत होते. अशा त्रुटीला ‘झिरो डे’ म्हणतात, कारण बचावासाठी शून्य दिवस मिळालेले असतात. पुढे तिला ‘सीव्हीई-२०२३-३७५८०’ हा क्रमांक मिळाला. गुगलने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी संपूर्ण घटनाक्रम जाहीर केला.

‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ म्हणजे काय?

वेबपेज ब्राउझरपर्यंत येते ते मजकूर म्हणून. त्यातला काही भाग वाचण्यासाठी असतो, काही भाग ब्राउझरला दिलेल्या सूचना असतात. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या या सूचना ‘मेनू उघड’, ‘मेल पाठव’, ‘यादी ताजी कर’ अशी कामे ब्राउझरकडून करून घेतात. सूचना कोणाच्या आहेत, हे ब्राउझर मुख्यतः पत्त्यावरून ठरवतो. बँकेच्या पत्त्यावरून आलेली सूचना बँकेची, मेल सर्व्हरवरून आलेली मेलची.

समजा, एका कार्यालयात अर्जातील नाव लेटरहेडवर जसेच्या तसे उतरवून पत्र तयार करण्याची पद्धत आहे. एकाने नावाच्या रकान्यात नावानंतर लिहिले, ‘कपाटाची किल्ली या इसमास द्यावी.’ टंकलेखकाने तेही छापले. आता ते वाक्य कार्यालयाच्या लेटरहेडवर आले. शिपायाने लेटरहेड पाहिले आणि किल्ली काढून दिली. यात शिपायाचा दोष नाही. दोष आहे तो बाहेरचा मजकूर न तपासता स्वतःच्या कागदावर छापणाऱ्याचा.

क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगमध्ये वेबसाइट टंकलेखकाच्या जागी असते आणि ब्राउझर शिपायाच्या. हल्लेखोर आपला कोड वेबसाइटकडूनच पानात छापून घेतो. ब्राउझरला तो वेबसाइटचा वाटतो आणि वेबसाइटला असलेले सगळे अधिकार त्या कोडला मिळतात. या प्रकाराला थोडक्यात ‘एक्सएसएस’ म्हणतात.

त्याचे प्रकार किती?

ढोबळमानाने तीन. पहिला, साठवलेला : हल्लेखोराचा कोड कमेंट, प्रोफाइल किंवा मेलच्या रूपाने सर्व्हरवर जमा होतो आणि ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. दुसरा, परावर्तित : कोड लिंकमध्येच दडलेला असतो. क्लिक केले की तो सर्व्हरवर जातो आणि आरशावरून उजेड परतावा तसा पानातून परत येतो. तिसऱ्या प्रकारात सर्व्हरचा फारसा संबंध येत नाही. पानातील जावास्क्रिप्टच चुकीच्या ठिकाणचा मजकूर उचलून चालवते. झिंब्राचे २०२३ मधील प्रकरण दुसऱ्या प्रकारातले. म्हणूनच लिंकचा पत्ता अस्सल होता.

चूक कुठे होती?

झिंब्राच्या एका पानावर वापरकर्त्याला न दिसणारा एक रकाना होता. लिंकमध्ये ‘एस’ आणि ‘टी’ या दोन अक्षरांच्या नावाने जी किंमत येईल, ती या रकान्यात भरली जात असे. ती अवतरणचिन्हांमध्ये लिहिली जायची, पण तपासली जात नव्हती.

हल्लेखोराने त्या किमतीतच एक अवतरणचिन्ह टाकले तर ब्राउझरला वाटते रकाना संपला. त्यापुढे > हे चिन्ह दिले की रकान्याचा घटकही संपतो. त्यानंतरचा मजकूर माहिती उरत नाही, सूचना बनतो.

त्यावरचा उपाय वेब प्रोग्रामिंग शिकताना सुरुवातीलाच सांगितला जातो. <, > आणि अवतरणचिन्ह यांसारखी विशेष अर्थ असलेली चिन्हे पानात छापण्यापूर्वी त्यांच्या सांकेतिक रूपात बदलायची. पडद्यावर ती तशीच दिसतात, पण ब्राउझर त्यांना सूचना मानत नाही. याला ‘एस्केपिंग’ म्हणतात. झिंब्राच्या दुरुस्तीत नेमके एवढेच होते. एका फाइलमधील ४० व्या ओळीत त्या किमतीभोवती ‘एस्केप-एक्सएमएल’ हे फंक्शन जोडले गेले.

वीस दिवसांत काय झाले?

या प्रकरणाचा सर्वात महत्त्वाचा धडा तारखांमध्ये आहे.

५ जुलै : झिंब्राने दुरुस्त केलेला कोड ‘गिटहब’ या खुल्या संकेतस्थळावर टाकला. कोणती ओळ बदलली, हे जगात कोणालाही पाहता येत होते.

११ जुलै : ‘विंटर व्हिव्हर्न’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाने मोल्दोव्हा आणि ट्युनिशिया येथील सरकारी संस्थांना लिंक पाठवण्यास सुरुवात केली. हे सत्र दोन आठवडे चालले. प्रत्येक लिंकमध्ये त्या संस्थेतील एक विशिष्ट अधिकृत ई-मेल पत्ता होता. म्हणजे सावज आधीच निवडलेले होते.

१३ जुलै : झिंब्राने सूचना काढून ग्राहकांना ती ओळ हाताने बदलण्यास सांगितले. यासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याचीही गरज नव्हती. मात्र त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू आहे, हे त्या सूचनेत नव्हते.

२५ जुलै : अधिकृत अपडेट आले. त्याच्या काही दिवस आधी तिसऱ्या, अद्याप ओळख न पटलेल्या गटाने व्हिएतनाममधील सरकारी संस्थेला लक्ष्य केले होते.

२५ ऑगस्ट : अपडेट येऊन महिना झाला होता. तरीही पाकिस्तानातील सरकारी संस्थेवर याच त्रुटीतून हल्ला झाला.

चारपैकी पहिला हल्ला दुरुस्तीपूर्वीचा होता. उरलेले तीन दुरुस्ती गिटहबवर आल्यानंतरचे. पहिल्या हल्लेखोराला त्रुटी शोधावी लागली असेल. पुढच्यांना बदललेली ओळ वाचूनही ती समजू शकत होती. दार दुरुस्त करायला घेतले की ते कुठे मोडले होते हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळते, तसाच हा प्रकार.

चोरांना काय हवे होते?

चारही मोहिमांचे हेतू थोडे वेगळे होते. ग्रीसमधील हल्ल्यातील कोड मेल आणि त्यांच्या जोडफाइल्स उचलत असे. शिवाय येणारा प्रत्येक मेल हल्लेखोराच्या पत्त्यावर आपोआप पुढे पाठवण्याचा नियमही तो तयार करून ठेवत असे. व्हिएतनाममध्ये लिंकवरून बनावट लॉग-इन पान समोर येत होते. तेथे भरलेला पासवर्ड ज्या पत्त्यावर जात होता तो पत्ता एका सरकारी संकेतस्थळाचाच होता. ते संकेतस्थळही हल्लेखोरांनी ताब्यात घेतले असावे, असा गुगलच्या गटाचा कयास आहे. पाकिस्तानातील हल्ल्यात झिंब्राचे ‘टोकन’ पळवण्याचा प्रयत्न होता.

पासवर्ड आणि ओटीपी असूनही हे कसे शक्य होते?

पासवर्ड आणि ओटीपी हे दारावरचे पहारेकरी आहेत. लॉग-इन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरला एक टोकन देतो. जत्रेत एकदा तिकीट दाखवले की हातावर शिक्का मारतात आणि पुढे प्रत्येक पाळण्यापाशी तोच चालतो, तसे हे टोकन. प्रत्येक वेळी पासवर्ड विचारावा लागू नये, हा त्यामागचा हेतू.

एक्सएसएसचा कोड चालतो तो दाराच्या आत, लॉग-इन झालेल्या पानावर. त्यामुळे त्याला पासवर्डशी देणेघेणे नसते. तो वापरकर्त्याच्या नावाने मेल वाचू शकतो, पाठवू शकतो, सेटिंग्ज बदलू शकतो. टोकन जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये अशी सोय करता येते आणि ती करायलाच हवी. पण तेवढ्याने सगळे भागत नाही. शिक्का चोरता आला नाही तरी शिक्का असलेल्याच्याच हातून काम करून घेता येते.

याचमुळे संशय आल्यावर केवळ पासवर्ड बदलणे पुरेसे नसते. मेल पुढे पाठवण्याचा नियम सेटिंग्जमध्ये तसाच राहिला, तर नवा पासवर्ड ठेवल्यावरही मेल बाहेर जात राहतात.

धोका ‘मध्यम’ कसा?

त्रुटींची तीव्रता ० ते १० या मोजपट्टीवर ठरवली जाते. या त्रुटीला ६.१ गुण मिळाले. म्हणजे ‘मध्यम’. कारण हल्ल्यासाठी वापरकर्त्याने क्लिक करणे गरजेचे होते आणि सर्व्हरचा ताबा त्यातून थेट मिळत नव्हता. मोजपट्टीच्या हिशेबाने हे बरोबरच आहे. पण शेकडो अपडेट्सच्या यादीत आधी काय करायचे, हे ठरवताना अनेक संस्था ९ आणि १० गुणांच्या त्रुटी वर ठेवतात आणि ६ गुणांची त्रुटी खाली सरकते. हेरगिरी करणाऱ्याला मात्र अख्खा सर्व्हर नको असतो. ठरावीक अधिकाऱ्यांचे मेलबॉक्स मिळाले तरी त्याचे काम होते.

त्यामुळेच गुणांइतकाच ‘ही त्रुटी सध्या कोणी वापरत आहे का’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था ‘सिसा’ अशा प्रत्यक्ष वापरात असलेल्या त्रुटींची यादी ठेवते. तिने २७ जुलैला ही त्रुटी त्या यादीत टाकली आणि केंद्रीय विभागांना १७ ऑगस्टपर्यंतची मुदत दिली.

असे पूर्वी घडले होते का?

वारंवार. ‘सर्ट’ या अमेरिकी संस्थेने वेबपेजमध्ये घुसवल्या जाणाऱ्या कोडबद्दल फेब्रुवारी २००० मध्येच इशारा दिला होता. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार या तरुणाने ‘मायस्पेस’ या त्या काळच्या लोकप्रिय समाजमाध्यमावर आपल्या प्रोफाइलमध्ये असा कोड ठेवला. ते प्रोफाइल पाहणाऱ्याच्या खात्यात कोड स्वतःची प्रत करी आणि सॅमीला मित्र म्हणून जोडी. २० तासांत दहा लाखांहून अधिक खात्यांपर्यंत तो पोहोचला. मायस्पेसला सेवा थांबवावी लागली. ती एका तरुणाची खोडी होती. हीच पद्धत पुढे हेरगिरीत आली.

झिंब्रापुरते पाहिले, तर २०२१ च्या अखेरीस तिच्या कॅलेंडरमधील एक्सएसएस त्रुटीतून युरोपातील सरकारी आणि माध्यम संस्थांना लक्ष्य करण्यात आले होते. ‘व्होलेक्सिटी’ या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते उघड केले. ग्रीसमधील २०२३ च्या हल्ल्यात मेल चोरणारी जी यंत्रणा दिसली, ती व्होलेक्सिटीने तेव्हा वर्णन केलेलीच होती. त्रुटी नवी, पण हत्यार तेच.

विंटर व्हिव्हर्न गटाने त्याच वर्षी ‘राउंडक्यूब’ या दुसऱ्या ई-मेल सॉफ्टवेअरमधील साठवलेल्या प्रकारची त्रुटी वापरली. त्यात लिंकवर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. मेल ब्राउझरमध्ये उघडला की कोड चालत असे. ‘ईसेट’ या कंपनीने १२ ऑक्टोबरला ही बाब कळवली आणि राउंडक्यूबच्या चमूने १४ ऑक्टोबरला दुरुस्ती केली.

दुरुस्ती उघड करणेच चूक होते का?

असे सरसकट म्हणता येणार नाही. खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल लपवणे हे त्या पद्धतीच्या विरोधात जाते. खुला कोड असल्यामुळेच अनेकांचे डोळे त्यावर राहतात आणि चुका लवकर सापडतात. ५ जुलैलाच ती ओळ पाहून बदलणाऱ्या व्यवस्थापकाचा सर्व्हर पुढच्या तीनही हल्ल्यांना दाद देणार नव्हता. अडचण उघडपणाची नसून वेळेतील अंतराची आहे. कोडमधील बदल, ग्राहकांना सूचना आणि तयार अपडेट या तीन गोष्टी जितक्या जवळ येतील, तितकी हल्लेखोरांची संधी कमी होते. शिवाय त्रुटीचा गैरवापर सुरू असेल तर तसे स्पष्ट सांगणेही गरजेचे असते. आगीचा अंदाज असल्याची सूचना आणि आग लागल्याची सूचना ऐकून माणसे सारख्याच वेगाने धावत नाहीत.

तयार अपडेट आले तरी काम संपत नाही. जीमेलसारख्या सेवेत कंपनीने एकदा दुरुस्ती केली की ती सर्वांना मिळते. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापकाला ते काम स्वतः करावे लागते. स्वतःच्या सर्व्हरमुळे माहितीवर स्वतःचे नियंत्रण राहते. त्याच्या जोडीला देखभालीची जबाबदारीही येते. पाकिस्तानातील हल्ला अपडेटनंतर महिन्याने झाला. महिन्यानंतरही जुनी फट कुठे तरी उघडी असेल, हा हल्लेखोरांचा हिशेब त्यामागे दिसतो.

सामान्य वापरकर्त्याने काय करावे?

कोडमधील चूक वापरकर्ता दुरुस्त करू शकत नाही. ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ हा नेहमीचा सल्लाही इथे अपुरा पडतो, कारण लिंक ओळखीच्याच पत्त्याची असते. तरीही नुकसान कमी करता येते.

१) काम झाले की कार्यालयाच्या वेबमेलमधून लॉग-आउट करावे. नुसता टॅब बंद करणे म्हणजे लॉग-आउट नव्हे. झिंब्रावरील या हल्ल्यांत कोड उपयोगी पडण्यासाठी वापरकर्ता लॉग-इन असणे आवश्यक होते.

२) मेलमधून आलेली लिंक आपल्याच मेल सर्व्हरची असेल, पण पत्ता विनाकारण लांबलचक आणि %, <, > अशा चिन्हांनी भरलेला असेल तर थांबावे. मेल वाचत असताना मेल उघडण्याची लिंक कोणी का पाठवावी, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

३) महिन्यातून एकदा सेटिंग्जमधील ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ हे दोन विभाग पाहावेत. तेथे अनोळखी पत्ता किंवा स्वतः न केलेला नियम दिसला तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो काढावा आणि आयटी विभागाला कळवावे. जीमेलवरही संगणकावरून हे दोन्ही तपासता येते.

४) लॉग-इन असतानाच पुन्हा लॉग-इनचे पान आले, तर तेथे पासवर्ड भरू नये. टॅब बंद करून पत्ता स्वतः टाइप करून मेल उघडावा.

५) संशय आल्यास क्रम लक्षात ठेवावा. आधी सर्व उपकरणांवरून लॉग-आउट, मग पासवर्ड बदलणे, मग फॉरवर्डिंगची तपासणी.

संस्थांसाठी नियम अधिक कडक आहेत. भारतात ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. कर्मचाऱ्याने संशयास्पद मेल लाजेखातर डिलीट केला, तर हे सहा तास सुरूच होत नाहीत. म्हणूनच चुकून क्लिक झाले असेल तर ते लगेच सांगणे, ही सर्वात स्वस्त सुरक्षा आहे.

पुढे काय?

आजची अनेक वेब फ्रेमवर्क्स चिन्हांचे एस्केपिंग आपोआप करतात. कोणत्या ठिकाणचा कोड चालवायचा, हे वेबसाइटला ब्राउझरला आधीच बजावून सांगता येते. पण वर्षानुवर्षे वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये लाखो जुन्या ओळी असतात आणि त्यातील एखादी राहून गेलेली पुरते. अशी ओळ पुन्हा सापडणारच. ती सापडली की बदल कोडमध्ये यायला फार तर काही दिवस लागतील. तो बदल आपल्या कार्यालयाच्या सर्व्हरवर पोहोचायला किती दिवस लागतात, याचे उत्तर प्रत्येक संस्थेने आजच काढून ठेवायला हवे.